पीसीडी न जुळणारी चाके गाडीला बसवताना

दुसऱ्या गाडीची चाके आपल्या गाडीला लावून पाहिली आणि नट-बोल्टची भोके जुळली नाहीत, म्हणजेच पीसीडी जुळला नाही, तर दोनच गोष्टी संभवतात. एक तर चाक हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या फिरत्या भागावर चाक बसते त्यावर, चढतच नाही आणि आपण निमूटपणे ते खाली ठेवतो. किंवा फरक अवघा एक-दोन मिलिमीटरचा असतो, चाक थोडे रेटले की चढते, सगळे नट आवळले जातात आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीच चुकल्यासारखे दिसत नाही. या लेखाचा रोख मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराकडे आहे, कारण निखळतात ती चढलेली चाके. न चढलेल्या चाकाने आजवर कोणाचे काही बिघडवलेले नाही.

आपल्या गाडीच्या मापाचे चाक मिळत असेल, तर तेच घ्यावे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढे दिलेल्या प्रत्येक उपायात काही ना काही जास्तीचा खर्च, जास्तीचे वजन किंवा जास्तीची देखभाल पदरात पडते. एवढे समजूनही तीच चाके लावायची असतील, तर खालील क्रमाने जावे.

पहिली पायरी : मोजमाप

चाकावरची सगळी भोके ज्या काल्पनिक वर्तुळावर पाडलेली असतात, त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. ५×११२ असे लिहिलेले असले, तर भोके पाच आणि वर्तुळाचा व्यास ११२ मिलिमीटर, असा त्याचा अर्थ होतो. ११४.३ किंवा १३९.७ असे अडनिडे आकडे दिसतात, कारण ती मापे मुळात इंचांची आहेत: साडेचार इंच म्हणजे ११४.३ मिलिमीटर आणि साडेपाच इंच म्हणजे १३९.७ मिलिमीटर. पुष्कळ अलॉय चाकांच्या मागच्या बाजूला पीसीडी, रुंदी आणि ऑफसेट कोरलेले असतात, तरीही कोरलेल्या आकड्यावर विसंबून न राहता स्वतः मोजावे, कारण वापरलेल्या चाकाची भोके मध्येच कोणी बदललेली असू शकतात.

चार किंवा सहा भोकांचे चाक मोजणे सोपे असते; समोरासमोरच्या दोन भोकांच्या केंद्रांमधले अंतर हाच पीसीडी. केंद्र नजरेने शोधत बसण्याची गरज नाही. एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत व्हर्नियरने मोजले, की केंद्रांमधले अंतर आपोआप मिळते, फक्त दोन्ही भोके सारख्या व्यासाची हवीत. नवशिक्यांची गल्लत होते ती पाच भोकांच्या चाकात, कारण तिथे कोणत्याही भोकासमोर नेमके दुसरे भोक येत नाही. अशा वेळी शेजारच्या दोन भोकांमधले अंतर मोजून त्याला ०.५८७८ ने भागावे, असे बहुतेक ठिकाणी सांगितले जाते आणि ते बरोबरही आहे. मी मात्र एक भोक सोडून पुढच्या भोकापर्यंतचे अंतर मोजतो आणि त्याला ०.९५११ ने भागतो. शेजारच्या भोकांचे अंतर ११२ च्या चाकात ६५.८ आणि ११४.३ च्या चाकात ६७.२ मिलिमीटर येते, म्हणजे फरक दीड मिलिमीटरसुद्धा नाही, आणि हात जरा तिरका पडला तर तो फरक मोजण्यातच हरवतो. एक भोक सोडून मोजले, तर हीच मापे १०६.५ आणि १०८.७ येतात, मोजताना झालेली चूक भागाकारात फुगत नाही आणि निष्कर्ष भरवशाचा निघतो. पाचही जोड्या मोजून सरासरी काढावी. हबवर स्टड (हबमधून बाहेर आलेले आटेदार दांडे, ज्यांवर नट बसतात) असतील, तर एका स्टडच्या एका बाजूपासून दुसऱ्या स्टडच्या त्याच बाजूपर्यंत, स्टडच्या मुळाशी मोजावे. टोकाशी मोजू नये, कारण एखादा स्टड किंचित वाकलेला असला तर माप चुकते.

दुसरी पायरी : पीसीडीखेरीज आणखी चार गोष्टी

पीसीडी कळला म्हणजे सगळे कळले, असे समजणारे पुष्कळ भेटतात. प्रत्यक्षात चाकाच्या मधल्या भोकाचा व्यास, ऑफसेट, आटे आणि नटाची बैठक या चार गोष्टी तितक्याच महत्त्वाच्या आहेत.

मधले भोक, ज्याला सेंटर बोअर म्हणतात, ते हबच्या उंचवट्यावर घट्ट बसते आणि चाक मधोमध येते. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांवर हे माप ७२.६, निसान आणि रेनॉच्या अनेक गाड्यांवर ६६.१, तर टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांवर ६०.१ मिलिमीटर आढळते. चाकाचे भोक हबपेक्षा लहान असेल, तर चाक सपाट बसणारच नाही आणि ते लेथवर वाढवून घ्यावे लागेल. मोठे असेल, तर फट भरून काढणारी सेंटरिंग रिंग लागेल.

ऑफसेट म्हणजे चाकाची हबला टेकणारी बाजू रिमच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून किती दूर आहे ते अंतर. ते ईटी या अक्षरांनी लिहितात. ईटी ४५ असलेले चाक ईटी २५ असलेल्या तेवढ्याच रुंदीच्या चाकापेक्षा २० मिलिमीटर आत बसते. हा हिशेब अडॅप्टर नावाच्या जोडचकतीच्या वेळी पुन्हा लागेल, म्हणून मूळ आणि नव्या चाकाचा ऑफसेट आत्ताच कागदावर लिहून ठेवावा.

आट्यांच्या बाबतीत एम१२×१.२५ आणि एम१२×१.५ ही जोडी फार फसवी आहे; दोन्हींचा व्यास १२ मिलिमीटरच, पण लगतच्या आट्यांमधले अंतर एकात १.२५ आणि दुसऱ्यात १.५ मिलिमीटर. एकाचा नट दुसऱ्याच्या स्टडवर दोन-तीन फेरे सहज जातो, मग अडतो, आणि तिथे पाना लावून जोर केला की दोन्हींचे आटे जातात. नट बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे, हा नियम इथे कामाला येतो. आटे किती धरले पाहिजेत, याचा साधा हिशेब असा, की स्टडच्या व्यासाएवढी लांबी तरी नटात गेली पाहिजे. म्हणजे एम१२×१.५ ला किमान ८ फेरे, एम१४×१.५ ला सव्वानऊ-साडेनऊ.

बैठक हा प्रकार सर्वांत दुर्लक्षित आहे. नटाचा किंवा बोल्टचा जो भाग चाकाला टेकतो, तो ६० अंशांच्या शंकूसारखा असतो, चेंडूसारखा गोल असतो किंवा वॉशर असलेला सपाट असतो. होंडाच्या पुष्कळ मूळ चाकांना गोल बैठक असते, तर बाजारातल्या बहुसंख्य अलॉय चाकांना शंकूची. गोल बैठकीत शंकूचा नट आवळला, तर तो एका बारीक रेषेवर टेकतो आणि आवळण्याचा पीळ (टॉर्क) मोजणाऱ्या पान्यावर आकडा बरोबर आला तरी पकड पुरेशी होत नाही. नट नेहमी चाकाप्रमाणे निवडावा आणि आटे गाडीप्रमाणे.

दोन मिलिमीटरने नेमके काय होते

गाडीचा भार बोल्ट स्वतःच्या अंगावर पेलतो, असा सर्वसाधारण समज आहे. बोल्टचे खरे काम चाकाला हबवर प्रचंड जोराने दाबून धरण्याचे असते. भार, ब्रेकचा झटका आणि वळणावरचा ताण हे सगळे त्या दाबामुळे चाक आणि हब यांच्यात निर्माण झालेले घर्षण सोसते. पकड पुरेशी असेपर्यंत बोल्टवर आडवा ताण जवळजवळ येत नाही. आता ५×११२ चे चाक ५×११४.३ च्या हबवर रेटून बसवले, असे समजा. प्रत्येक भोक आपल्या जागेपासून १.१५ मिलिमीटर आत असते. शंकू बैठकीच्या एकाच बाजूला चढतो, आवळताना स्टड त्याच्या उलट दिशेने, भोकाच्या मध्याकडे, वाकतो आणि पान्याने लावलेल्या जोरातला मोठा हिस्सा चाक दाबण्याऐवजी स्टड वाकवण्यात खर्च होतो. पान्यावर मात्र नेहमीचाच आकडा दिसतो. पुढे चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर वाकलेल्या स्टडवर उलटसुलट ताण येत राहतो, नट सैल होतो किंवा स्टड मुळाशी तुटतो.

हे मी वाचून शिकलो नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी अगदी हीच जोडी बसवली होती. चाके विकणाऱ्याने ‘दोन मिलिमीटरने काय होतंय’ म्हणून पाठीवर थाप मारली होती आणि मला ते ऐकायला बरे वाटले होते. पाचही नट आवळले गेले. काही दिवसांनी स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर जाणवू लागली, ती बॅलन्सिंग करूनही गेली नाही, म्हणून चाक उतरवले. एक नट हातानेच फिरला. बैठकीकडे पाहिले, तर तिथे पूर्ण वर्तुळाऐवजी चंद्रकोरीसारखा चकचकीत डाग पडला होता, पाचही भोकांत, आणि पाचही चंद्रकोरी चाकाच्या बाहेरच्या कडेकडे तोंड करून होत्या. शंकू फक्त तेवढ्याच भागावर टेकत होता.

तेव्हापासून मी एक चाचणी न चुकता करतो आणि तुम्हीही करावी. नटाच्या शंकूला मार्करची गडद शाई लावावी, चाक हवेत असतानाच नट हलक्या हाताने आवळून पुन्हा काढावा आणि शाई कुठे पुसली गेली ते पाहावे. शंकूवर अखंड कडे उमटले असेल, तर बैठक जुळली. कोर उमटली, तर पीसीडी, मधले भोक किंवा बैठकीचा प्रकार यांपैकी काहीतरी चुकते आहे, आणि ते सापडेपर्यंत चाक जमिनीला टेकवू नये.

तिसरी पायरी : उपाय निवडणे

पीसीडीतला फरक साधारण २ ते २.५ मिलिमीटरपर्यंत असेल आणि भोकांची संख्या तीच असेल, तर तरंगत्या बैठकीचे बोल्ट वापरता येतात. बाजारात त्यांना वॉबल बोल्ट म्हणतात. त्यांच्या डोक्याखालचा शंकू वेगळा, सुटा असतो आणि तो थोडा बाजूला सरकतो, त्यामुळे बोल्ट हबमध्ये सरळ राहतो आणि शंकू मात्र चाकाच्या भोकात पूर्ण बसतो. ४×९८ च्या गाडीवर ४×१०० ची चाके, किंवा ५×११२ आणि ५×११४.३ ही जोडी, यांसाठी ते वापरले जातात. अट एकच, पण ती कडक आहे: शंकू सरकत असल्यामुळे हे बोल्ट चाकाला मधोमध आणू शकत नाहीत, ते काम संपूर्णपणे मधल्या भोकाला करावे लागते. म्हणून सेंटर बोअर अचूक जुळलेले हवे किंवा नेमक्या मापाची, शक्यतो धातूची, रिंग हवी. ही अट पाळता येत नसेल, तर तो विचार सोडून द्यावा. बोल्टऐवजी स्टड असतील, तर स्टड भोकाच्या मध्यापासून ढळलेला राहणार, त्यामुळे चाकाच्या भोकात तेवढी मोकळी जागा आहे की नाही, तेही पाहावे.

फरक त्याहून मोठा असेल, तर अडॅप्टर हा रस्ता उरतो. अडॅप्टर म्हणजे धातूची जाड चकती. ती गाडीच्या मूळ भोकांनी हबला बसते आणि तिच्यावरचे नवे स्टड नव्या चाकाच्या पीसीडीचे असतात. तो ६०६१-टी६ किंवा ७०७५-टी६ प्रतीच्या ॲल्युमिनियमचा असावा, ओतीव नसावा, आणि त्याला मागे हबवर बसणारी खोबण व पुढे चाक धरणारा उंचवटा अशी दोन्ही केंद्रे असावीत. जाडी साधारणपणे २० मिलिमीटर किंवा अधिक लागते, कारण हबवरचे नट चकतीच्या जाडीतच बुडाले पाहिजेत.

इथे ऑफसेटचा कागद पुन्हा काढावा. ईटी ४५ चे चाक २० मिलिमीटरच्या अडॅप्टरवर बसवले, की परिणामी ऑफसेट २५ होतो आणि चाक २० मिलिमीटर बाहेर येते. मूळ चाकही ईटी ४५ आणि तेवढ्याच रुंदीचे असेल, तर दोन्ही बाजूंचा मिळून फरक ४० मिलिमीटर झाला. टायर मडगार्डच्या बाहेर डोकावतो, खड्ड्यात कडेला घासतो, स्टिअरिंगची जाण बदलते आणि बेअरिंगवर जास्त ताण येतो. म्हणूनच अडॅप्टर लावायचा असेल, तर मूळ चाकापेक्षा जास्त ऑफसेटचे चाक निवडणे शहाणपणाचे ठरते.

भोकांची संख्या तीच असेल, तर जुन्या भोकांच्या मधोमध नवे स्टड बसवता येतात. पाच भोकांच्या चकतीत ते ३६ अंश फिरवले, की एकमेकांच्या वाट्याला जात नाहीत. चारवरून पाचवर जाताना मात्र भूमितीच आडवी येते. चकती कशीही फिरवली, तरी चाराच्या आणि पाचाच्या भोकांची एक तरी जोडी ९ अंशांच्या आतच राहते. ४×१०० वरून ५×११४.३ वर जायचे असेल, तर त्या जोडीच्या केंद्रांमध्ये जास्तीत जास्त ११ मिलिमीटर अंतर पडते, आणि एम१२ च्या सर्वसाधारण नटाचे षटकोनी डोकेच १९ मिलिमीटरच्या आसपास असते. मग नटाची जागा नव्या स्टडच्या मुळात घुसते आणि मधला धातू पातळ होतो. असा अडॅप्टर कोणी पातळसर जाडीत देऊ केला, तर तो हातात घेऊन ती जोडी स्वतः पाहावी. मी तरी तो रस्त्यावरच्या गाडीला लावणार नाही.

माझ्या मते सर्वांत निर्धोक उपाय हब बदलण्याचा आहे. एकाच घराण्यातल्या मोठ्या इंजिनाच्या गाडीला पुष्कळदा वेगळ्या पीसीडीचा हब असतो आणि तो ब्रेकची डिस्क, तिला पकडणारा कॅलिपर व बेअरिंग यांच्यासह आणून बसवता येतो. खर्च जास्त, काम मोठे, एबीएसच्या सेन्सरची कडी जुळते का तेही पाहावे लागते. पण एकदा झाले, की गाडीला कायमचा नवा पीसीडी मिळतो आणि मध्ये कोणतीही जास्तीची चकती राहत नाही. अलॉय चाकाची जुनी भोके वेल्डिंगने भरून नवी पाडण्याचा प्रकार मात्र टाळावा. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेची मजबुती कमी होते, आणि चाकावर सर्वाधिक ताण नेमका तिथेच येतो.

विकत घेण्याआधी आपल्या देशाचे वाहन नियम आणि विम्याच्या अटी पाहून घ्याव्यात, कारण काही देशांत अडॅप्टरला मनाई आहे, तर काही ठिकाणी तपासणी करून मंजुरी घ्यावी लागते.

चौथी पायरी : बसवणे

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा, दुसऱ्या बाजूच्या चाकांना अडण लावावी आणि चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करावेत. मग जॅकने उचलून गाडी घोडीवर टेकवावी. नुसत्या जॅकवर काम करू नये. चाक काढल्यावर हबचा दर्शनी पृष्ठभाग तारेच्या ब्रशने गंज जाईपर्यंत घासावा. काही गाड्यांच्या स्टडवर डिस्क धरून ठेवणाऱ्या पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, त्या काढून टाकाव्यात, नाहीतर अडॅप्टर त्यांच्यावर टेकून तिरका बसतो.

अडॅप्टर हबवर ठेवून सगळे नट हाताने लावावेत आणि समोरासमोर, ताऱ्याच्या आकृतीने, तीन फेऱ्यांत आवळावेत. हब फिरू नये म्हणून कोणाला तरी ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवून बसवावे. अडॅप्टर आणि हब यांच्यामध्ये सगळीकडून फीलर गेजचे (फट मोजण्याच्या पत्र्यांच्या संचाचे) सर्वांत पातळ पान घालून पाहावे. ते कुठेही आत जाता कामा नये. त्यानंतर अडॅप्टरच्या दर्शनी बाजूवर पोलादी पट्टी आडवी ठेवून हबचे मूळ स्टड पट्टीला लागतात का, ते तपासावे. लागत असतील, तर चाक अडॅप्टरऐवजी त्या टोकांवर टेकेल. काही चाकांच्या मागे भोकांच्या मध्ये खोलगट कप्पे असतात आणि टोके त्यांत मावतात, पण ते खोली मोजूनच ठरवावे. गाडीला स्टडऐवजी बोल्ट असतील, तर नवे बोल्ट मागून किती बाहेर येतात तेही पाहावे, कारण लांब बोल्ट आतल्या हँडब्रेकच्या भागांना घासतो.

चाक चढवताना शाईची चाचणी करावी आणि मग पुन्हा तोच क्रम ठेवावा: आधी सगळे नट बोटांनी, मग हलके, मग चाक जमिनीला टेकवून शेवटचा टॉर्क. हा आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. एम१२ साठी तो सहसा ९० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान आणि एम१४ साठी १२० ते १४० च्या दरम्यान असतो. अडॅप्टरसाठी त्याच्या निर्मात्याने वेगळा आकडा दिला असेल, तर तो पाळावा. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण हे आकडे कोरड्या आट्यांसाठी असतात आणि तेलकट आट्यांवर तोच टॉर्क स्टडला मर्यादेपलीकडे ताणतो. हवेच्या गनने तर मुळीच आवळू नये.

चाक फिरवून कॅलिपर आणि रिम यांत सगळीकडे मोकळी जागा आहे का, ते पाहावे. रिमच्या आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजने कॅलिपरला लागतात, ही गोष्ट बहुधा आवाज आल्यावरच कळते. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून आणि मागे माणसे बसवून टायर कुठे घासतो का, तेही तपासावे. नंतर ५० ते १०० किलोमीटर चालवून, चाके थंड झाल्यावर टॉर्क पुन्हा तपासावा. अडॅप्टर असेल, तर नुसते बाहेरचे नट तपासून भागत नाही. चाक उतरवून आतले नटही तपासावे लागतात. ही गोष्ट कंटाळवाणी असल्यामुळे बहुतेक जण ती सोडून देतात.

स्टेपनीचा विचार बहुधा पंक्चर झाल्यावरच होतो. ती मूळ पीसीडीची असते, त्यामुळे अडॅप्टरवर ती बसणार नाही. रस्त्यात आधी अडॅप्टर काढावा लागेल आणि स्टेपनी मूळ नटांनी थेट हबवर लावावी लागेल. वॉबल बोल्टच्या बाबतीतही स्टेपनीला जुने बोल्टच लागतात. म्हणून मूळ नट किंवा बोल्ट कापडी पिशवीत घालून जॅकशेजारी ठेवावेत, आणि अडॅप्टरच्या खोल नटांपर्यंत पोहोचणारा पातळ भिंतीचा सॉकेटही त्याच पिशवीत टाकावा, कारण गाडीबरोबर आलेला पाना तिथपर्यंत जाईलच असे नाही.